अठरा इंच

खड्डा इथं नको, गराझीबाई म्हणाली,
दहा पावलं तिकडे सरका.
कारण आम्ही विचारलं नाही. नेवाडाच्या त्या माळावर
जागेला काही तोटा नव्हता:
सेजब्रशचं एक झुडूप, मग उघडी जमीन, मग दुसरं झुडूप,
असं थेट डोंगरापर्यंत.

पहार माझ्याकडे, वही हॅन्सकमकडे.
वर खड्यांची फरसबंदी, वाऱ्याशिवाय कुणी न घातलेली.
तिच्याखाली दोन इंच फिकट साय,
आत बारीक बारीक बुडबुडे,
बोटानं दाबली की पापडासारखी मोडणारी.
मग पहार वाजायला लागली.

‘तपकिरी,’ हॅन्सकम म्हणाला,
आणि रंगांच्या पुस्तकातल्या भोकामागे ढेकूळ धरून
तपकिरीचे सतरा प्रकार तपासत बसला.
कोरडी वेगळी, ओली वेगळी.
बाटलीतलं पाणी संपलं तेव्हा तो मातीवर थुंकला.
अंगठ्यानं तिची पट्टी लांबवली. इंचभर झाली, तुटली.
मग एक चिमूट दाढेखाली:
रेती आहे, गाळ आहे, पाचातला एक भाग चिकण.
पिकअपच्या पायरीवरून बाई बघत होती.
‘माझा नवराही खायचा,’ ती म्हणाली,
‘पण तो पुढे काही लिहायचा नाही.’

चाळणीतून माती गेली, दगड राहिले.
शंभरात साठ.
पुस्तकात अशा जमिनीला म्हणतात स्केलेटल.
सांगाडा! मी हसलो.
हॅन्सकम हसला नाही.
वर्षाला नऊ इंच पडतं, तो म्हणाला,
बर्फ धरून,
आणि ते सगळं या हाडांच्या फटींत मावायचं असतं.
त्यानं एक दगड उपटून पालथा केला.
खालून पांढरा. चुन्याचं अस्तर, नखाएवढं जाड.
इथवर पाणी आलं, इथं सुकलं,
पुन्हा आलं, पुन्हा सुकलं,
माणूस या खोऱ्यात येण्याआधीपासून.
ॲसिडचा थेंब टाकला तर
दगड फसफसला, जणू कुणी झोपेतून उठवलं.

मग पहार उलटी आली.
हाताच्या झिणझिण्या दातांपर्यंत गेल्या.
खाली पांढरं, सिमेंटासारखं,
मुळंही जिथं काटकोनात वळून आडवी पसरलेली.
‘ड्युरिपॅन.’ हॅन्सकम मोजपट्टी घेऊन वाकला.
पट्टी टेकायच्या आत
बाई पायरीवरूनच म्हणाली, ‘अठरा.’

अठराच होते.

‘बेल्ट्सा गेली त्या फेब्रुवारीत
एरामुननं दोन दिवस खणलं. मेंढ्या तशाच उभ्या.
अठराच्या खाली काही जाईना.
मग तिला कुशीवर घातलं, पाय पोटाशी दुमडून,
थंडीत झोपायची तशी,
आणि वर दगड रचले, कोयोटींनी उकरू नये म्हणून.’
दहा पावलांवर ढीग होता.
सकाळपासून आम्ही तो पाहत होतो
आणि कुठल्याच रकान्यात लिहिला नव्हता.

संध्याकाळी वर्गीकरण.
गण ॲरिडिसॉल, उपगण ड्युरिड,
तिथून फांदीला फांदी फुटत गेली,
शेवटचं नाव एवढं लांब की वहीची ओळ पुरली नाही.
चराईला बरी. नांगराला अयोग्य. वर्ग सात.
बाईनं चष्मा लावून वाचलं.
‘आठ पण असतो का?’
‘असतो.’
‘मग ठीक आहे.’

खड्डा बुजवला. खणलेलं सगळं कधीच परत मावत नाही,
दगड उरतातच.
उरलेल्यातले तीन मोठे तिनं मला उचलायला लावले,
ढिगाकडे नेले. मी पहिला ठेवला,
चुन्याची बाजू वर, शोभेल अशी.
‘तसा नको,’ ती म्हणाली,
‘पांढरं खाली. जमिनीत होता तसा.’